माझं कडवं

१९९५च्या भूकंपाच्या आधीची दोन वर्षं आम्ही जपानमधल्या कोबेत होतो. नवऱ्याला कंपनी होती, लेकीला शाळा होती, आणि मला कचरा वेगवेगळ्या पिशव्यांत भरणं होतं. अशात कळलं की घराजवळच्या विद्यापीठात एक स्वीडिश बाई बायकांचा गायनवृंद चालवतात आणि बाहेरच्यांनाही घेतात. पुण्यात मी कितीतरी वर्षं गाणं शिकले होते. लगेच गेले.

तिथे नियम एकच. दाराच्या आत फक्त स्वीडिश बोलायचं. बाकीच्या जणींना हे संकट वाटायचं, मला चैन वाटली. बाहेर जपानीत मी एकटी अडाणी, इथे सगळ्याच माझ्या पंगतीला. माझ्या शेजारी उभी राहणारी एक जपानी विद्यार्थिनी आणि मी तोडक्यामोडक्या स्वीडिशमध्ये बोलून बोलून मैत्रिणी झालो. दर गुरुवारी ती घरी यायची, थालीपीठ खायची, आणि आम्ही घरातही तो नियम पाळायचो. तिथे तिच्याइतकं जवळचं मला कुणी नव्हतं.

दुसऱ्या वर्षी बाईंनी मला एक कडवं एकटीने गायला दिलं. डिसेंबरात त्यांच्याकडे दिव्यांचा सण असतो, पांढरे झगे घालून, मेणबत्त्या धरून गातात, त्या कार्यक्रमासाठी. कुणाची बायको, कुणाची आई म्हणून नव्हे, माझ्या गळ्यासाठी मिळालेली कोबेतली ती पहिली गोष्ट. पण गळाच आडवा येत होता. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मींड घेतल्याशिवाय मला राहवेना, आणि बाईंना सूर सुटे, सरळ हवे होते. तालमीत एकटीची कडवी बाई वगळायच्या, म्हणून महिनाभर घरी ओट्याशी उभी राहून मी गळ्यातली मींड काढली. वर्षानुवर्षं घोटलेलं विसरायचं म्हणजे काय त्रास असतो! मैत्रीण दर गुरुवारी ऐकायची, पुन्हा गा म्हणायची. शेवटच्या गुरुवारी म्हणाली, "सुरेख. आता अगदी सरळ." मी ओळखीच्या सगळ्या मराठी घरांना आमंत्रणं देऊन टाकली.

कार्यक्रमात माझं कडवं आलं. मी श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि सूर शेजारून निघाला. स्वच्छ, सरळ, तोंडपाठ. मैत्रीण गात होती, आणि बाईंचा हात तिच्याकडे होता. मी मेणबत्ती धरून उभी. समोर बसलेली लेक माझ्या मिटलेल्या ओठांकडे बघत होती.

नंतर बाईंनी माझे खांदे धरले. "किती मोठ्या मनाने सोडलंस. तू हसत हो म्हणालीस, असं तिने सांगितलं मला."

तेव्हा सगळं लख्ख कळलं. माझी मींड ऐकून बाईंनी बदल आधीच ठरवला होता, मला सांगायचं काम तिच्यावर होतं. मला वाटत होतं ती माझं गाणं ऐकते आहे. ती पाठ करत होती. माझ्याच घरात, माझं थालीपीठ खाऊन. अंगाचा तिळपापड झाला.

ती आत झग्याची घडी करत होती. "तुला माहीत होतं?" मी स्वीडिशमध्ये विचारलं. ती उठली आणि जपानीत बोलू लागली, दुकानातल्या मुली गिऱ्हाइकाशी बोलतात तशी, लांबलचक आणि अदबशीर. मला निम्मंही समजलं नाही. माझ्याशी ती जपानीत पहिल्यांदाच बोलत होती.

मग मीही नियम मोडला. "खोटारडी," मी मराठीत म्हणाले, खणखणीत, एकही मींड न घेता.

ती कमरेत वाकली, मी तिचे आभार मानले असावेत तशी.