कडक गोळी, मऊ गोळी

माझं माहेर खालापूरकडचं. वडिलांना शिकारीचा नाद होता आणि मी त्यांची एकुलती एक मुलगी, त्यामुळे इतर मुली भातुकली खेळायच्या त्या वयात मी माळावर पालथी पडून नेम धरायला शिकले. साठच्या दशकात लग्न होऊन कशेळ्याजवळच्या गावी आले. आता रायफल आपल्या हाताला पुन्हा लागायची नाही, असं मी धरूनच चालले होते. शिकारीवर बंदी यायला तेव्हा अजून काही वर्षं होती.

सासरी माणसं तीनच. मामंजी, सासूबाई आणि हे. हे भिवपुरीच्या वीजघरात नोकरीला होते. आठवडाभर तिकडच्या क्वार्टरात राहायचे आणि सुट्टीला घरी यायचे. यांना बंदुकीचं वावडं. बार ऐकला की दोन्ही कानांवर हात ठेवायचे.

आमचं भाताचं शेत डोंगराच्या पायथ्याला होतं. आश्विनात दाणा भरायला लागला की रानडुकरांचा कळप उतरायचा आणि एका फेरीत अर्धं शेत लोळवून जायचा. मामंजींकडे जुनी ठासणीची बंदूक होती, पण तिचा पल्ला कमी. डुकरं फार हुशार. बांधावर माणसाचा वास आला की ती ओहोळाच्या पलीकडच्या उतारावर थांबायची आणि माणूस घरी गेला की यायची. तो उतार चांगला लांब होता. मग मामंजींनी नात्यातल्या एका निवृत्त सुभेदारांकडून रायफल विकत घेतली, परवाना करून घेतला, आणि घोंगडीत गुंडाळून ती घरी आणली.

मी चुलीपुढे बसले होते. मामंजींनी घोंगडी सोडली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मामंजी, नळी साफ नाही हिची. आधी तेल फिरवायला हवं."

मामंजींनी माझ्याकडे बघितलं, मग रायफलकडे, मग सासूबाईंकडे. "अगं, आपली सून बोलली का ही?" आणि ते इतके मोठ्याने हसले की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

सुभेदारांनी रायफलीबरोबर दोन तऱ्हेच्या गोळ्या दिल्या होत्या. एकीचं टोक तांब्याने पूर्ण मढवलेलं, कडक. दुसरीच्या टोकाला उघडं शिसं, नखाने दाबलं तर ओरखडा उठेल इतकं मऊ. कुठली वापरायची यावरून आमची जुंपली. मी कडक गोळीच्या बाजूची, कारण वडील तीच वापरायचे. लांबवरच्या जनावराला आत घुसणारी गोळी हवी, रानडुकराच्या खांद्याचं कातडं म्हणजे ढालच, असं ते सांगायचे. मामंजी मऊ गोळीवर अडून बसले होते.

"आरपार जाऊन करायची काय?" ते म्हणाले. "पलीकडं वाडीची पायवाट हाय. डुकरातून निघालेली गोळी कुठं जाईल, ह्याचा इचार नाय का करायचा?"

पण मला हटायचं नव्हतं. "मऊ गोळी वरच्या वर फुटली तर? जखमी डुक्कर ओहोळात शिरलं तर त्याच्या मागे कोण जाणार?"

मामंजी शेवटी म्हणाले, "चल. बघूच."

गावाबाहेर वरकस जमिनीत, जिथे भात पिकत नाही अशा माळावर, एक उंच दरड होती. तिच्या पायथ्याशी आम्ही चिखल भरलेली पोती एकामागे एक रचली. सासूबाई आधी म्हणाल्या होत्या, "मी नाय येणार तुमचे खेळ बघायला." पण आम्ही पोती रचतोय तोवर त्या आल्या, आणि काखेत दोन लाल भोपळे घेऊन आल्या.

"पोत्याला काय कळतंय," त्या म्हणाल्या. "ह्याच्यावर मारा. ह्याला कातडं बी हाय नि गर बी हाय."

पहिला बार मामंजींनी काढला. रायफलीने असा दणका दिला की त्यांची टोपी मागे उडाली, आणि गोळी पोत्यांच्या वरून दरडीत गेली. ते डोळे चोळत राहिले. दुसरी गोळीही तशीच वर गेली. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला समोरचं पोतं दोन दिसतंय गं. तू घे."

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी टोपी उचलली, झटकली आणि त्यांच्या डोक्यावर ठेवली. मी पदर खोचला आणि पालथी झाले.

कडक गोळी पोत्यांपुढे ठेवलेल्या भोपळ्यातून गेली आणि भोपळा जागचा हललासुद्धा नाही. पुढे एक भोक, मागे एक भोक. मागची सगळी पोती फोडून ती दरडीत कुठे रुतली ते सापडलं नाही. मग मी मऊ गोळी भरली. सासूबाई जवळून दिसावं म्हणून चार पावलं पुढे सरकल्या. मी ओरडून त्यांना मागे घेतलं आणि चाप ओढला. भोपळा नाहीसाच झाला. वीसेक पावलांवरूनही त्याचा गर सासूबाईंच्या केसांत, मामंजींच्या मिशीत आणि माझ्या मंगळसूत्रात येऊन बसला. गोळी मात्र दुसऱ्या पोत्याच्या चिखलात सापडली. टोक उमलून तिची अळंबी झाली होती. मामंजींनी ती तळहातावर घेतली आणि लहान मुलासारखे नाचले.

"आत गेली, फुटली, नि थांबली! बघ!"

मी हरले होते, पण मला इतकं हसू येत होतं की हरल्याचं काही वाटलं नाही. भोक पडलेल्या भोपळ्याचे सासूबाईंनी संध्याकाळी घारगे केले.

पुढच्याच आठवड्यात मामंजी कर्जतच्या कचेरीत गेले आणि रायफल चालवायला माझं नाव परवान्यावर घालून घेतलं. तिथला कारकून म्हणाला, "आजोबा, मुलाचं घालायचं ना?" मामंजी म्हणाले, "मुलगा कानात बोटं घालतो. सुनेचं घाला." हे ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे.

नंतर मी सुपावर चुन्याचा ठिपका देऊन ते बांधापासून ओहोळापलीकडचा उतार जेवढा लांब, तेवढ्याच अंतरावर ठेवलं. मऊ गोळी लांबवर जरा खाली पडते, वीतभर वर धरावं लागतं, हे तेव्हा कळलं.

एका पहाटे, झुंजुमुंजू झाल्यावर, आम्ही दोघं बांधामागे पडून होतो. दव पडलेलं. ओहोळापलीकडे कळप आला. पुढे एक थोरला नर.

"आडवा होऊ दे," मामंजी कुजबुजले. "घाई नाय."

"वाडीची वाट मोकळी आहे," मी म्हणाले. "मागे नुसती दरड आहे."

नर आडवा झाला. मी वीतभर वर धरलं आणि श्वास रोखला. बार झाला आणि उतारावरचा कळप उधळला.

"काय झालं? सांग ना गं! काय झालं?" मामंजी माझा खांदा हलवत होते.

"थोडं पळालं... बसलं... मामंजी, पडलं!"

ते धडपडत उठले आणि त्यांनी अशी हाळी दिली की गाव जागं झालं. डुकराचे वाटे घरोघर गेले, वाडीतही गेले. त्या वर्षी शेत कापणीपर्यंत उभं राहिलं.

बातमी ऐकून माझे वडील आले. डुकरातून काढलेली गोळी मामंजींनी त्यांच्यापुढे ठेवली. वडिलांनी ती उलटसुलट केली आणि म्हणाले, "तरी पण कडकच बरी." मग दोन्ही व्याही जेवण निवेपर्यंत भांडले आणि शेवटी एकाच ताटात जेवायला बसले.

निघताना वडिलांनी सासूबाईंना विचारलं, "पोरगी त्रास नाही ना देत?"

"देतेय की," सासूबाई म्हणाल्या. "सकाळी उठून डुकरं मारते, नि भाकरीला उशीर करते." आणि माझ्या दुखऱ्या खांद्यावर तेल चोळत त्या हसत राहिल्या.