खालून घेतलेला दोरा

माझ्या आईने क्रोशे विणायला सुरुवात केली ती मिठाच्या गोणीच्या दोऱ्याने. आमचं घर उरणकडच्या एका गावात, मिठागरावर कामाला जाणाऱ्यांचं. पावसाळ्यात मिठागर बंद असायचं तेव्हा आई गोणीच्या तोंडाची शिवण एका बाजूने धरून ओढायची. सर्रकन निघणारा तो पांढरा दोरा ती गुंडाळून ठेवायची आणि त्याचे रुमाल विणायची. शेजारच्या ओटीवर बसणाऱ्या एका बाईचं लांबून बघून ती शिकली होती. लांबून बघितल्यामुळे एक गोष्ट तिला दिसलीच नाही. सुईवर दोरा वरून घ्यायचा असतो, आई तो खालून ओढायची. त्याने टाका घट्ट बसतो आणि त्याच्या तोंडाशी बारीकशी फुली दिसते. मी आईच्या मांडीशी बसून शिकले, म्हणून माझ्या टाक्यालाही फुली पडायची.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. पनवेलच्या कॉलेजात बी.कॉम. केलं, न्हावा शेव्याच्या कंटेनरची कागदपत्रं बघणाऱ्या एका ऑफिसात लागले आणि पनवेलमध्येच खोली घेतली. रविवारी एका बाईंच्या घरी क्रोशेचा क्लास असायचा, तिथे जाऊ लागले. बाकीच्या त्यांना मॅडम म्हणायच्या. मला शाळेपासूनची सवय, मी बाई म्हणायचे.

पहिल्याच रविवारी बाईंनी माझा हात धरून थांबवला.

"अगं, दोरा खालून काय घेतेस? कुणी शिकवलं हे?"

समोर बसलेली एक जण हसून म्हणाली, "मॅडम, गावठी स्टाइल असेल."

"असंच काहीतरी पाहून पाहून," मी म्हणाले. आईचं नाव घेतलं नाही.

त्यानंतर दोन वर्षं मी तो दोरा वरून घ्यायला शिकत होते. मन लावून शिकले. बाईंनी मला खूप दिलं हे आजही मी नाकारत नाही. मापं काढायला, विणीचा नकाशा वाचायला, कडा सरळ ठेवायला त्यांनीच शिकवलं. मी अननसाची नक्षी केली, मोबाइलवर बघून बाहुल्या केल्या, तोरणं केली. प्रत्येक वेळी बाई उलटसुलट करून बघायच्या आणि म्हणायच्या, "फिनिशिंग छान आहे. पण हे कुणीही केलेलं असू शकतं. यात तू कुठे आहेस?"

हा प्रश्न मी फार मनाला लावून घेतला. डब्याच्या सुट्टीत वहीत चौकोन काढत बसायचे आणि खोडायचे.

मग एकदा गावी गेले तर आमच्या बाजूच्या मिठागरात भराव पडत होता. डंपरमागून डंपर. अर्धे चौकोन बुजले होते, अर्ध्यांत अजून पाणी होतं. मधले चिखलाचे बांध वाकडेतिकडे उरले होते, एक चौकोन दुसऱ्यासारखा नाही. परत येऊन मी मळकट पांढरा आणि चिखलाचा राखाडी असे दोनच रंग घेतले. लहानमोठे चौकोन विणले आणि मध्ये उठून दिसणारे बांध. वरून दोरा घेतल्याने ते चौकोन सपाट, गुळगुळीत दिसत होते. म्हणून उसवले आणि आईसारखा खालून दोरा घेतला. फुल्याफुल्यांचं ते कापड मिठाच्या खड्यांसारखं खरखरीत झालं. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, हे माझं आहे.

बाईंनी ते बराच वेळ हातात धरलं. फुलीबद्दल काहीच बोलल्या नाहीत.

"हे कसलं गं?"

"आमचं मिठागर आहे, बाई."

"सुंदर. माझ्या लेकीच्या रुखवतात मधोमध लावू या. देशील ना?"

मी आनंदाने दिलं. रुखवतातल्या वस्तू नवरीने केलेल्या नसतात हे सगळ्यांनाच माहीत असतं. 'वधूच्या हातची कला' अशी पाटी मिठागराखाली लागली तेव्हाही मला काही वाटलं नाही. बाईंनी माझ्या आईलाही आग्रहाने बोलावलं होतं. ती नवी साडी नेसून दुसऱ्या रांगेत बसली होती.

जेवणाआधी माझ्या हातात माइक दिला गेला. क्लासची जुनी विद्यार्थिनी म्हणून दोन शब्द बोल, असं मला सांगितलं. आमच्या शाळेत भाषणाची सुरुवात आभाराने करायला शिकवायचे, आणि मला आभार मानायची एवढी सवय लागली आहे की शेवटही त्यानेच होतो. मी म्हणाले, "मला सुई धरता येत नव्हती. माझ्या हातात सुई दिली ती बाईंनी. मी जे काही विणते ते सगळं त्यांचं आहे."

टाळ्या पडल्या. कुणीतरी ते मोबाइलवर घेत होतं.

पुढच्या वर्षी बाईंच्या क्लासची जाहिरात आली: 'मॅडमची खास फुली-वीण'. खाली फोटो मिठागराचा. त्याच सुमारास महिलांच्या हस्तकला प्रदर्शनात मी माझे दोन नवे तुकडे घेऊन गेले. निवड करणाऱ्या परीक्षकांनी ते बघून बाजूला सरकवले.

"ताई, कॉपी चांगली आहे. पण आम्ही स्वतःचं डिझाइन असेल तरच घेतो."

"हे माझंच आहे."

त्यांनी मोबाइलवर क्लासच्या पानावरचा व्हिडिओ उघडून माझ्यासमोर धरला. त्यात मी माइक धरून उभी होते. "तुम्हीच तर सांगताय."

मी बाईंकडे गेले. त्यांनी चहा ठेवला. माझं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "अगं, मी काय तुझ्या तोंडी शब्द घातले होते? सगळ्यांसमोर तूच बोललीस. आणि टाका काय कुणाच्या मालकीचा असतो?"

"नाही बाई," मी म्हणाले. चहा प्यायले. निघताना सवयीने त्यांच्या पाया पडले, याची मला सगळ्यात जास्त चीड आहे.

आई डोळे दाखवायला पनवेलला आली होती. माझ्या मोबाइलवरची जाहिरात तिने अगदी डोळ्यांजवळ नेली.

"हा टाका आपला हाय ना?"

"हो."

"मंग त्या बाईला कोनी शिकवला?"

"मी."

"आनि तुला?"

मी मोबाइल तिच्या हातातून घेतला. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, "लग्नात तर तू सांगलंस, तुला सुई धरता येत नव्हती."

मी तिच्यापुढे सुई आणि लोकर ठेवली. म्हटलं, तू एक तुकडा वीण, मी तुझं नाव लावून प्रदर्शनाला देते. तिने दोन-चार टाके चाचपडत घातले, आणि सुई खाली ठेवली. "मना आता दिसत नाय गं. आदी सांगायचं."

मी अजून विणते. खालूनच दोरा घेते. बघणारे म्हणतात, त्या मॅडमच्या क्लासची दिसतेस. तो व्हिडिओ क्लासच्या पानावर अजून सगळ्यात वर आहे. त्यात मी चांगली बोलले आहे, कुठेही अडखळले नाही. शेवटी कॅमेरा पाहुण्यांवरून फिरतो, आणि दुसऱ्या रांगेत आई टाळ्या वाजवताना दिसते.