आपांची खसाची मेणबत्ती

मुलांनो, तुम्ही पाठवलेली मेणबत्ती काल पेटवली, तुम्ही लिहिल्याप्रमाणे तिचं कोमट मेण हाताला चोळलं, आणि खसाच्या वासाने एक गोष्ट आठवली, जी मी तुमच्या आजोबांनाही सांगितली नव्हती. भूकंपानंतरची ती वर्षं. चाकूर, मुखेडहून शिकवणीसाठी लातूरला आलेल्या मुली आमच्या गल्लीत खोल्या घेऊन राहत, आणि वीज गेली की शेजारच्या आपांच्या मेणबत्त्या लावून अभ्यास करत. आपा अत्तरवाल्याच्या विधवा. मधमाश्यांचं मेण, तिळाचं तेल आणि खसाचं अत्तर घालून त्या मेणबत्त्या करत. उरलेलं मेण मुली टाचांच्या भेगांना लावत. आपांचं घर त्यावरच चाले. कृती शिकवताना त्यांनी माझ्या तळहातावर मीठ ठेवून कुणाला न सांगण्याचं वचन घेतलं होतं. मी ती माझ्या जिवलग मैत्रिणीला सांगितली, "फक्त घरापुरती हं," असं बजावून. पुढच्याच महिन्यात महिला मंडळाच्या प्रदर्शनात तिने स्टॉल मांडला. "आमच्या आजीची कृती आहे," ती माझ्यादेखत गिऱ्हाइकाला म्हणाली. मी भडकले, तर हसून म्हणाली, "अगं, मेणबत्तीच तर आहे!" मागे वळले, तर आपा उभ्या. "आपा, हिनं मला फसवलं हो." "तिला मी कुठं वळखते, बाई?" त्या शांतपणे म्हणाल्या, "मी तर तुमाला शिकविलं व्हतं." त्यानंतर आपा माझ्याशी कधी बोलल्या नाहीत. आता त्या नाहीत, ती गल्लीही राहिली नाही. मेण, तेल आणि अत्तराचं त्यांचं प्रमाण मात्र मला अजून तोंडपाठ आहे.