घाटातलं वळण

तापलेल्या इंजिनाच्या तेलाचा वास आला की मला माझा थोरला भाऊ आठवतो. तो मुंबईत गॅरेजात कामाला होता. आमच्या वडिलांची जुनी पेट्रोलची टॅक्सी महाडहून भोरला जायची, पण वरंध घाटात तिचा दम संपायचा आणि उतारूंना खाली उतरून चालावं लागायचं. त्या वर्षी शिमग्याला येताना भावाने लष्करी भंगारातला एक ब्लोअर आणला. "इंजान आपल्या दमानं हवा ओढतं, आता आपण ती दाबून आत कोंबायची," तो म्हणाला. सणाचे सगळे दिवस तो अंगणात गाडीशी खपला. मग मला सासरी भोरला सोडायला आम्ही तिघं निघालो. वरंध गाव मागे पडलं, चढ लागला, तरी गाडी थकेना. गाडी चालवणारे वडील चक्क हसले. "बघ गो, कशी चढतेय!" भाऊ ओरडला. पुढच्या वळणावर इंजिनात धाडकन आवाज झाला, धूर कोंडला आणि गाडी मागे घसरू लागली. ब्रेक धरेना. चाकामागे दगड लावायला भावाने उडी मारली, दगड निसटला आणि तो गाडी नि कातळाच्या मध्ये सापडला. लाकडं भरलेल्या एका ट्रकमधून आम्ही त्याला महाडला नेत होतो, त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. "माथ्यावर पोचली काय गो?" त्याने विचारलं. "पोचली रे दादा," मी म्हटलं. त्यानंतर तो बोलला नाही. आता माझा नातू त्याच घाटातून गाडी सहज वर नेतो. "आजी, हिला टर्बो हाय, इंजिनात हवा दाबून कोंबतो," तो कौतुकाने सांगतो. मी मान हलवते आणि माथा येईपर्यंत त्याचा खांदा धरून बसते.