वाशीम ते कारंजा: पेडल निवडताना मी मोजायचं विसरलो ते

मागचं कॅरिअर. पाण्याच्या बाटलीचे दोन पिंजरे. चाक सरळ करायचा स्टँड. आणि बुटाच्या तळाला क्लीट वाकडी बसली की लगेच दाखवणारा पत्र्याचा साचा. एवढं सगळं मी वाशीमच्या माझ्या वर्कशॉपमध्ये स्वतःच्या हातानं केलंय. कुठला कोर्स नाही, कुणाची शिकवणी नाही. शाळा दहावीला सुटली, पुढचं लेथनं शिकवलं.

पेडल मात्र विकतच घ्यावं लागतं, म्हणून ते नीट निवडावं लागतं. आमच्या ग्रुपात नऊ जण आहेत आणि सगळे मला विचारून घेतात. यंदा प्रश्न होता क्लिपलेसचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बुटाच्या तळाला क्लीट नावाची छोटी पट्टी असते, ती पेडलमध्ये खटकन अडकते. टाच बाहेर फिरवली की सुटते. पाय घसरत नाही, जोर वाया जात नाही. दोन जाती आहेत. तीन स्क्रूची क्लीट मोठी, प्लास्टिकची, तळाच्या खाली आलेली. दोन स्क्रूची क्लीट लहान, लोखंडी, तळाच्या खाचेत लपलेली. माझ्याकडे तीन वर्षांपासून दुसरी आहे, तिच्या पेडलची एक बाजू साधी सपाट आहे.

भास्करभाऊंना मात्र मी तीन स्क्रूची घ्यायला लावली. भाऊ एकसष्ट वर्षांचे, निवृत्त लाइनमन. त्यांची सायकल खरी रोडबाइक, कार्बनच्या फोर्कची. रोडबाइकला रोडचंच पेडल, असा माझा हिशोब. त्यांच्या मुलानं, सचिननं, आधीच बजावलं होतं, "बाबा, एकदा जरी पडले तं सायकल विकून टाकीन." म्हणून मी काही कसर ठेवली नाही. पेडलची पकड सगळ्यात ढिली केली. क्लीट साच्यावर बसवली. वर्कशॉपच्या भिंतीला धरून शंभर वेळा उजवा पाय काढायला लावला. मग रविवारी सकाळी सहाला निघालो. वाशीम, मंगरुळपीर, कारंजा आणि परत. जायचं अंतर साधारण पासष्ट किलोमीटर.

डिसेंबरचा गारठा होता. दोन्ही बाजूंना तूर पिवळ्या फुलांवर आलेली, मध्येच हरभऱ्याचे हिरवे पट्टे. रस्ता बहुतेक चांगला आहे, फक्त गावाजवळचे स्पीडब्रेकर लांबून दिसत नाहीत आणि कडेचा मुरूम सुटा आहे. जाणाऱ्यांनी पंचवीस मिलिमीटरचे टायर टाळावेत, अठ्ठावीसचे लावावेत. मंगरुळपीरला आलूबोंडा आणि चहा, दोघांचे मिळून ऐंशी रुपये. भाऊ खूश होते. "पायाले पेडल चिकटल्यासारखं वाटून राह्यलं," म्हणाले.

खरा प्रवास पुढे सुरू झाला. तिथपासून कारंजापर्यंतच्या विजेच्या एकेका डीपीला भाऊंचा हात लागलेला आहे. लोक त्यांना हेल्मेटमध्येही ओळखत होते.

"ओ लाइनमन! चहा घेऊन जा!"

आपल्याकडे असं बोलावणं सीटवर बसूनच नाकारता येत नाही. उतरावं लागतं, आत जावं लागतं, निदान पाणी तरी प्यावं लागतं. पहिल्या घरी भाऊ व्यवस्थित उतरले आणि नुकत्याच सारवलेल्या अंगणातून ते प्लास्टिकचे तळवे टेकवत, बदकासारखे चालत ओसरीवर गेले. घरच्या काकूंनी मागे वळून पाहिलं.

"काहो भाऊ, बैलाच्या खुरासारखे ठसे काहून उमटवून राह्यले? आत्ताच सारवलं न मी!"

भाऊ बूट काढून बसले. मी हसलो. हसायला नको होतं.

पाच किलोमीटरवर पुन्हा हाक आली. गोठ्यापाशी एक ओळखीचा शेतकरी उभा होता, डाव्या हाताला. भाऊंनी सरावाप्रमाणे उजवा पाय काढला, पण राम राम करायला मान आणि हँडल दोन्ही डावीकडे वळवलं. वजन डावीकडे गेलं. डावा पाय अडकलेला. उभ्या सायकलीसकट भाऊ मुरमावर आडवे झाले. कोपर सोललं, रक्त आलं.

शेतकऱ्यानं धावत येऊन उठवलं, तांब्याभर पाणी ओतलं आणि म्हणाला, "आता तं चहा घ्याच लागते."

भाऊ हात झटकत म्हणाले, "तीस वर्षं खांबावर चढलो बापा, कधी पडलो नाही. अन् उभ्या सायकलवरून पडलो!" मग माझ्याकडे बघून हळू आवाजात, "गेली म्हणा सायकल. सचिनले कोपर दिसनच."

पहिली दहा मिनिटं मी मनात पेडलचीच बाजू लढत होतो. पकड बरोबर, क्लीट बरोबर, माणूस चुकला. मग चहा पिताना लक्षात आलं की माणूस चुकलाच नव्हता. आपण रस्त्याच्या डाव्या कडेनं चालतो, घरं डावीकडे, हाका डावीकडून येणार, आणि सराव मी उजव्या पायाचा करून घेतला. कोन मोजला, उंची मोजली, चहाच्या हाका मोजल्या नाहीत. ज्याला दर पाच किलोमीटरला उतरून कुणाच्या अंगणात जायचंय, त्याच्यासाठी तीन स्क्रूची क्लीट नाहीच.

दोघांच्या बुटांचा नंबर आठ. लिंबाखाली सायकली उलट्या केल्या, आठ मिलिमीटरची अॅलन की, म्हणजे षटकोनी पाना, काढला आणि पेडलं अदलाबदल केली. शेतकरी मदतीला आला आणि डावं पेडल जोर लावून आणखी घट्ट करून बसला. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे घरी करताना तुम्हीही विसराल. माझी पेडलं भाऊंना, त्यांची मला, बूटही तसेच. पेडल बदललं की पायाची उंची बदलते, म्हणून दोघांच्या सीट चार मिलिमीटरच्या फरकानं पुन्हा लावल्या.

"तुमी माह्ये बूट घालून पडसान," भाऊ म्हणाले.

"मले कोण चहाले बोलावते?"

तिथून भाऊ गाव आलं की पेडलच्या सपाट बाजूवर, मोकळा रस्ता आला की क्लिपमध्ये. शिवाय आता डावा पाय आधी. कारंजात झुणका, भाकर, ठेचा, ताट एकशे वीस रुपये. मग जैन मंदिर बघितलं. दारात बूट काढायला मला बरंच झालं, कारण तिथवरच्या गुळगुळीत फरशीवर मी भाऊंचा दंड धरूनच चाललो. परतीच्या वाटेवर भाऊंना सात हाका आल्या. सात वेळा उतरले, सात वेळा चढले. पाचच्या आत वाशीम.

घरी येऊन ग्रुपवर लिहिलं: दोन स्क्रूची क्लीट, एक बाजू सपाट, पेडल साडेचार हजारांच्या आसपास. आणि भाऊंना आधी जे सांगितलं ते चुकीचं होतं, हेही लिहिलं. माझी पेडलं मी भाऊंकडेच ठेवली, स्वतःसाठी नवी मागवली.

मंगळवारी सचिन वर्कशॉपमध्ये आला. कोपर त्यानं पाहिलं होतं. मी लेथ बंद केला आणि सांगितलं, "भाऊ पडले ते माझ्या चुकीनं. पेडल मी निवडलं, सराव मी घेतला."

"काका, मले कारण नाही पाह्यजे. सायकल तुमीच घेऊन टाका, अर्ध्या भावात. तुमच्याकडं गेली तं बाबा काही बोलत नाहीत."

बिल अडुसष्ट हजारांचं, वापर फक्त एक वर्षाचा, आणि फ्रेम नेमकी माझ्या मापाची. चार वर्षं मी तशीच सायकल शोधतोय, हे त्याला ठाऊक होतं. मी म्हणालो, "सायकल भाऊची हाय. विचारायचं तं त्यायले विचार." दारापर्यंत जाऊन त्यानं भाव आणखी उतरवला. मी दर वेळी नाहीच म्हटलं. शेवटचा आकडा होता वीस हजार.