टाकीतले जीव

सांडपाणी केंद्रात केमिस्ट म्हणून लागले तेव्हा मला वाटायचं, पाणी यंत्रं साफ करतात. हळूहळू कळलं, यंत्रं नुसती हवा सोडतात. गावाची घाण खातात ते टाकीतल्या तपकिरी गाळातले जिवाणू.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी टाकीवर चढले, तर रोजचा ओल्या मातीसारखा वास नव्हता. कुजका भपकारा येत होता, कठड्यावरून पांढरा फेस ओघळत होता. गाळाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. जिवाणूंच्या सोबतीला देठावरच्या घंटेसारखे बारीक जीव असतात, सारखे आखडतात, उघडतात. त्यांतला एकही हलत नव्हता, म्हणजे जिवाणूही गेले होते.

केंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर एक मेंढपाळ बाई रोज कळप आणायची. मी पळतच गेले.

"मावशी, आज मेंढ्यांना पाजू नका."

"का वं? रोज तर पाजायलेय."

"पाणी साफ करणारे जीव मेलेत."

"कशानं मेले?"

"अजून कळलं नाही."

"मंग आदी ते बघा की बाई! ह्या मुक्या जित्राबांना काय सांगू?"

बोअरचा पाइप ओढून मी तिला हौद भरून दिला आणि बाटल्या घेऊन गटारीच्या कडेनं निघाले. एकेक झाकण उघडत गावाबाहेर पोचले, तिथं एका शेडमागचं पाणी हिरवट दिसलं. शेडमध्ये मोटारसायकलच्या भागांवर निकेल चढवायचे. मालक माझ्याच वयाचा, चाकणला काम शिकून परत आलेला. त्यानं काहीच नाकारलं नाही.

"निकेलच्या टाकीला चीर गेली, ताई. सगळं गटारीत सोडलं. वाटलं, एवढ्या पाण्यात काय कळायलंय." मग घाबरून म्हणाला, "कुणाला बाधलं का?"

"माणसांना नाही. त्यांच्या आधी जिवाणूंनी अंगावर घेतलं."

मी वर कळवलं, शेडला टाळं लागलं. बाहेर उभे राहिलेले त्याचे कामगार माझ्याकडे बघत होते. नजर वर करणं मला जड गेलं. पुढं त्यानं चुन्यानं पाण्यातला धातू तळाशी बसवायची वेगळी टाकी बांधली, तेव्हाच शेड उघडली.

आम्ही दुसऱ्या केंद्रातून टँकरनं जिवंत गाळ आणून टाकीत सोडला. फेस ओसरायला, पाणी निवळायला बरेच आठवडे गेले. लोकांच्या लेखी प्रकरण मिटलं.

राहिला तो जुना गाळ. एरवी वाळला की शेतकरी खत म्हणून ट्रॉलीनं उसाला न्यायचे. या खेपेला मी कुणाला देऊ दिला नाही. घाण जिवाणू खाऊन संपवतात, निकेल मात्र त्यांच्या मेल्या अंगासकट गाळात तसंच राहतं.

शेवटी घातक कचरा पुरतात तिथं न्यायला ट्रक आला. पोती चढली, ताडपत्री बांधली. "लय लांब हाय," ड्रायव्हर म्हणाला. तिथंही शेजारी कुणाची तरी शेतं असतील, असं ओठांवर आलं होतं. मी सही केली आणि फाटक उघडलं.