झाकलेल्या चंद्राखालचं नाव

चंद्रावर माणसांनी काय काय ठेवून दिलंय, हे मला शाळेत कोणी सांगितलं नाही. आम्ही राहतो त्या परदेशी शहराच्या टॅला उपनगरातल्या एका हॉस्पिटलात पोर्टर असलेल्या माणसाने सांगितलं. पेशंटना ट्रॉलीवरून या मजल्यावरून त्या मजल्यावर न्यायचं, हे त्यांचं काम. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. नागपूरचे. ओंगार या दुसऱ्या उपनगरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीचा देखावा दर वर्षी तेच करायचे. फ्रिजची खोकी, चिकटपट्टी, जाळी आणि कागदाचा लगदा. थर्मोकोलला हात लावायचे नाहीत.

शेवटचा देखावा, चंद्राचा, त्यांनी आजारपणात केला. मी भाडेकरूंच्या हक्कांसाठी पत्रकं लिहिते आणि दारोदार वाटते. त्या भागात वाटप असलं की त्यांच्याकडे चहाला थांबायचे. ते स्वयंपाकघरातल्या प्रेसमधून, म्हणजे इथे ज्याला प्रेस म्हणतात त्या कपाटातून, बुटांचा एक खोका काढायचे आणि एकेक वस्तू टेबलावर मांडायचे. एका अंतराळवीराने हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदम सोडून दाखवलं होतं, हवा नसल्यामुळे दोन्ही एकदमच पडली. ते पीस अजून तिथेच आहे. दादांनी किनाऱ्यावरचं सीगलचं पीस आणलं होतं. "ससाना कुठं धरू आता?" म्हणाले. एकाने आपल्या बायकोमुलांचा फोटो प्लॅस्टिकमध्ये घालून चंद्राच्या मातीवर ठेवला होता. दादांनी त्या जागी स्वतःचा आणि वहिनींचा फोटो घातला. एक चकती होती, देशोदेशीच्या प्रमुखांचे संदेश कोरलेली. ती त्यांनी लोणच्याच्या बरणीच्या झाकणाची केली.

आणि एक छोटा माणूस. अ‍ॅल्युमिनियमचा, बोटाएवढा, पालथा पडलेला. अंतराळाच्या वाटेवर मेलेल्यांची आठवण म्हणून ठेवलेला. शेजारी पाटी, तिच्यावर चौदा नावं, अमेरिकेचीही आणि रशियाचीही.

"सगळी?" मी विचारलं होतं.

"सगळी कशाला असतीन? काहींचं मरणच त्यांच्या सरकारनं लपवलं होतं. आन एक काळा वैमानिक राहिला. तो म्हणे लष्कराच्या वेगळ्या कार्यक्रमातला, आपल्यातला नाही."

मला राग आला. ते हसले. "तुला बरं, चंद्रावरचाही राग येते."

मार्चमध्ये दादा गेले. खोका भरलेला होता, चंद्राचे तुकडे शेडमध्ये रंगवून तयार होते. उरलं होतं ते फक्त जोडून उभं करणं.

सप्टेंबरमध्ये कार्यकारिणीने ते केलं. एका शनिवारी शाळेच्या हॉलवर नऊजण आले, स्क्रू पिळले, पिझ्झा खाल्ला. चंद्र दिसायला जबरदस्त, दोन माणसांच्या उंचीचा, पुढे गणपतीचं मखर. खाली छापून आणलेला बोर्ड: "संकल्पना व निर्मिती", आणि त्याखाली नऊ नावं. दादांचं नाव नाही.

मला आधी वाटलं की छपाईत राहिलं. अध्यक्षांना विचारलं. ते पुण्याचे, मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत मोठे कोणीतरी, मीटिंगमध्ये बोलल्यासारखंच घरीही बोलतात.

"अगं, बोर्डवर कार्यकारिणीचीच नावं असतात. पॉलिसी आहे ती. ते कधी कमिटीवर नव्हते ना."

"कमिटीवर नव्हते, कारण मीटिंग तुम्ही त्यांच्या शिफ्टच्या वेळेला ठेवता."

"हे बघ, सणासुदीला निगेटिव्ह नको. आरतीनंतर मी दोन शब्द बोलेन त्यांच्याबद्दल."

"दोन शब्द हवेत विरतात. नाव बोर्डवर हवंय."

"तू प्रत्येक ठिकाणी आंदोलन नको करू गं."

करणार. ज्याने केलं त्याचं नाव न लिहिणं ही विसराळूपणाची गोष्ट नसते, ती व्यवस्था असते. चंद्रावर तेच झालं आणि शाळेच्या हॉलमध्ये तेच झालं. दोन्हीकडे कारण एकच: तो आपल्या यादीतला नव्हता.

तरी मी एकटीच्या रागावर गेले नाही. आमच्या कामात पहिला नियम असा की ज्याचं घर जातंय त्याला आधी विचारायचं. वहिनींकडे गेले. वर्ष झालं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या घरी यंदा गणपती बसणार नव्हता. मंडळाचाच गणपती त्यांचा. बोर्डाचं सांगितल्यावर त्या कणीक मळत राहिल्या.

"जाऊ दे. ग्रँड आहे," म्हणाल्या. इथे दहा वर्षं राहिलं की मोडलेल्या हाडालाही माणूस ग्रँड, म्हणजे ठीक, म्हणतो.

"खरंच जाऊ देऊ?"

मग त्यांनी कणीक बाजूला सारली. "सासूबाईंना फोटो पाठवायचा होता. त्यांना वाटतं, मुलगा परदेशात जाऊन ट्रॉल्या ढकलत मेला. एकदा त्यांनी पोराचं नाव छापलेलं बघावं. बस." हात धुतले. "विशेष आभार बिभार नको हं मला. त्यांनी केलंय ते."

झालं. माझी मागणी ठरली, एका ओळीची.

देखाव्यातल्या वस्तूंच्या माहितीच्या चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे होतं. छोट्या माणसाच्या चिठ्ठीवर मी चौदा नावांचं लिहिलं आणि राहिलेल्यांचंही लिहिलं. शेवटी एक वाक्य: "या देखाव्याच्या पाटीवरही ज्याने तो केला त्याचं नाव नाही." अध्यक्षांनी ती चिठ्ठी काढली. मी दुसरी लावली. त्यांनी ती काढली. मी बॅगेतून गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. पत्रकं छापणाऱ्या बाईला कागदाने कोणी थकवू शकत नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तयारीला सगळे हॉलवर जमले होते. खजिनदारांची आई अकोल्याहून तीन महिन्यांसाठी आलेली. ती दूर्वांच्या जुड्या बांधायला मुलाबरोबर आली. दारातून आत पाऊल टाकलं आणि तिथेच उभी राहिली.

"काय रे बाप्पा! चवथीच्या दिशी चंद्र पाह्यत नसतात, आन तुम्ही गनपतीच्या मांगंच उभा केला?"

इंजिनिअर, आर्किटेक्ट, औषधांच्या कारखान्यातले दोन शास्त्रज्ञ, सगळ्यांच्या आयांनी लहानपणी संध्याकाळी खिडक्या लावून घेतल्या असणार. आठवलं एकालाही नाही. दादा असते तर बोलले असते, कारण दर वर्षी कुठली वस्तू कधी उघडायची हे तेच ठरवायचे. त्यांना विचारायची सवय होती आणि तीच मोडली होती.

"आई, हा कागदाचा चंद्र आहे," खजिनदार म्हणाले.

"मंग गनपती काय हाडामासाचा हाय?"

मी हसले. एकटीच.

"पाहिलं तर काय होतं आजी?" एका मुलीने विचारलं.

"चोरीचा आळ येते. किस्नावर आला होता."

मी संधी सोडत नाही. "आजी, आळ खोटा असेल तर घाबरायचं. पण खरीच चोरी झाली असेल तर?"

"कोनाची चोरी?"

मी सांगितलं. हे कोणी केलं, बोर्डावर कोण आहे, कोण नाही, आणि त्याची बायको उद्या आरतीला येणार आहे. अध्यक्ष मध्ये "आजी, तसं नाहीये" म्हणाले दोनदा. आजीने दूर्वा खाली ठेवल्या आणि मुलाकडे वळली.

"तू केला हा चंद्र?"

खजिनदारांनी बोर्डाकडे बघितलं. स्वतःचं नाव तिसरं होतं. "उभा केला आई. केला नाही."

"मंग तुहं नाव कायले?"

त्यांनी खिशातून पेनचाकू काढला आणि बोर्डावरचं आपलं नाव खरवडायला लागले. अध्यक्ष म्हणाले, मतदान घेऊ. मी म्हटलं, घ्या, आत्ता, सगळ्यांसमोर, हात वर करून. कोणाचाच हात वर झाला नाही, ना या बाजूने ना त्या. मग अध्यक्षांनी तडजोड काढली: खाली एक ओळ, "विशेष आभार".

"नको," मी म्हटलं. "संकल्पना व निर्मिती. पहिलं आणि एकटं. बाकीच्यांना 'उभारणी' लिहा, ते खरं आहे."

"तुला काय मिळणार यातून?"

"बोर्ड."

अध्यक्ष बोर्डासमोरून बाजूला झाले. छापायला वेळ नव्हता. जुना बोर्ड उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मी काळ्या मार्करने लिहिलं. माझं अक्षर पोस्टरचं आहे, लांबून वाचता येतं. चंद्रावर काळी चादर टाकायचं ठरलं, चतुर्थीपुरती.

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या. निळी साडी, केस ओले. आरती संपली तशा बोर्डासमोर उभ्या राहिल्या. अध्यक्ष पुढे होऊन काहीतरी बोलणार होते, वहिनींनी नुसती मान हलवली आणि आपला फोन माझ्या हातात दिला. मी फोटो काढला: मधे वहिनी, खाली दादांचं नाव, मागे गणपती आणि त्याच्या मागे अख्खी भिंतभर काळी चादर.

फोटो गेला आणि नागपूरहून लगेच व्हिडिओ कॉल आला. म्हाताऱ्या बाईंचं कपाळच तेवढं स्क्रीनवर दिसत होतं. त्यांनी नाव मोठ्याने वाचलं, आडनावासकट, सावकाश. मग विचारलं, "आन मांगं काय झाकून ठेवलं ते?"

"चंद्र आहे, आई," वहिनी म्हणाल्या. "त्यांनी केलेला. आज बघायचा नसतो. उद्या दाखवते."

मार्करचं टोपण लावून मी तो बॅगेत टाकला. मंडळाची सर्वसाधारण सभा जानेवारीत असते. ठराव माझ्याकडे लिहून तयार आहे: मीटिंगची वेळ शिफ्टवाल्यांना विचारून ठरेल.